ओहोटीची घारापुरी कोण राखणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घारापुरीवर, म्हणजे एलिफंटा बेटावर, दोन पानांचा लेख आला. आमच्या घरात तो तिघांनी वाचला आणि तिघांनीही एकच विचारलं : यात मोराबंदर कुठे आहे?

लेख वाईट नाही. त्रिमूर्ती आली, कैलास हलवणारा रावण आला, छोट्या गाडीचं तिकीट आलं, माकडं चिप्सची पाकिटं कशी हिसकावतात तेही आलं. १९८७ साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली याचा उल्लेख आहे. पण सगळे फोटो शेतबंदरच्या बाजूचे, एकाच टेकडीवरचे, आणि उजेडावरून सांगते, सगळे भर दुपारचे. वाचकाला वाटावं की धक्का, पायऱ्या, दुकानं आणि पहिलं लेणं म्हणजे घारापुरी.

माझं माहेर मोराबंदर. बेटावर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. पर्यटकांची लाँच लागते शेतबंदरला. मोराबंदर उत्तर-पूर्वेच्या अंगाला, झाडीत. लग्न होऊन मी उरणच्या मोऱ्याला आले, म्हणजे फक्त पाणी ओलांडलं. उरणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. पुरातत्त्वाचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण बाटलीवरचं लेबल गेलं की आतला पदार्थ कितीही मोलाचा असो, फेकूनच द्यावा लागतो, एवढं त्या नोकरीने शिकवलं. हे पत्र त्याच लेबलाबद्दल आहे.

आधी भरती-ओहोटीचं सांगते, कारण सगळं तिथे अडलंय. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरती येते दुपारी बाराच्या सुमारास, आणि पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या आगेमागे, पुन्हा संध्याकाळी सहाच्या आगेमागे. सकाळी सहाला गेटवेवरून पर्यटकांची पहिली लाँच सुटलेली नसते. संध्याकाळी सहाला शेवटची लाँच परत गेलेली असते, बेटावर पाहुण्यांना रात्री राहता येत नाही. साहेब लोकही याच लाँचने येतात आणि याच लाँचने जातात. म्हणजे ज्या वेळी बेटाचा किनारा दूरवर उघडा पडतो, नेमकं त्या वेळी बाहेरचं माणूस तिथे नसतं. दुपारी बाराला जे बेट दिसतं त्याच्या रक्षणाची व्यवस्था आहे, बरी-वाईट कशी का असेना. सकाळी सहाला जे बेट दिसतं ते वाऱ्यावर आहे.

आणि त्या सकाळच्या बेटात काय आहे?

लहानपणी चिंबोऱ्या, कालवं गोळा करायला आईबरोबर चिखलात जायचे. ती ओरडायची, "चिखलान पाय घासत चाल, खापऱ्या हान." पाय उचलून टाकला की तळवा चिरायचा. त्या खापऱ्या कशाच्या, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. कोकणातल्या कुठल्याही जुन्या गावात फुटकी मडकी असतात, तशी ही, असंच धरून चाललो.

पुढे कळलं की ती गावातली मडकी नव्हेत. मोराबंदरच्या किनाऱ्यावर अभ्यासकांना विटांची बांधकामं, विहिरी, क्षत्रप राजांची नाणी मिळाली आहेत. खापऱ्यांमध्ये भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांचे तुकडे आहेत : दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रांजण, ज्यांतून दारू आणि तेल जहाजाने यायचं. आणखी एक जात आहे तिला टॉर्पेडो जार म्हणतात. लांबट, कानाविना, आतून काळा लेप दिलेले हे रांजण इराणच्या आखाताकडचे. बरीच वर्षं भारतात सापडलेल्या अशा तुकड्यांना सरसकट रोमन समजत होते. नंतर अभ्यासकांनी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यातले पुष्कळसे इराण-इराककडचे निघाले, आणि हे तुकडे जिथे मिळतात अशा ठिकाणांत आमच्या बेटाचं नाव वरचं आहे. म्हणजे सहाव्या शतकात वरच्या टेकडीवर शिवाची लेणी कोरली जात होती त्या सुमाराला, त्याच्या आधी आणि नंतरही, खाली बंदर होतं. कामगार खात-पीत होते, जहाजं लागत होती, माल उतरत होता. कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने मिळाली आहेत. लेणी कोरणाऱ्यांची मजुरी याच नाण्यांत चुकती होत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. लेणी कुणी कोरवली यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. लेण्यात आज शिलालेख नाही. जो होता तो पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला नेला, असं त्यांच्याच बखरकाराने लिहून ठेवलंय, आणि तो पुढे हरवला. म्हणजे त्या वादाचा निकाल लागायचा तर पुरावा वर दगडात नाही, खाली चिखलात आहे.

आता त्या काळ्या लेपाचं. तो लेप बिटुमेनचा, म्हणजे जमिनीतून आपसूक पाझरणाऱ्या डांबराचा. रांजण झिरपू नये म्हणून आतून फासायचे. या डांबराचं रासायनिक पृथक्करण केलं की ते साधारण कुठल्या भागातलं हे काढता येतं, आणि त्यावरून रांजण कुठल्या मुलखातून निघाला तेही. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही असलं काही केलं नाही, पण पद्धत काय असते हे मला समजतं. अशा कामात नमुन्याला बाहेरचं तेल लागलेलं चालत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात पडले, शेकडो टन तेल सांडलं. ते तेल बेटाच्या खारफुटीत येऊन बसलं. वर्तमानपत्रांत काळे पडलेले दगड आणि मेलेले मासे यांचे फोटो आले. तिवराची श्वासमुळं चिखलातून बोटभर वर आलेली असतात, झाड त्यातून श्वास घेतं. ती मुळं तेलाने माखली की धुऊन काढता येत नाहीत. माणूस आत शिरला तर त्याच्या पायाखाली तेल आणखी खोल जातं. त्या वेळी खारफुटीचं काय होणार याची चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच चिखलात तेलाने माखलेल्या खापऱ्याही होत्या. दीड हजार वर्षं जुन्या डांबरावर आजचं इंधन चढलं. त्याबद्दल एक शब्द कुठे छापून आल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. आपल्याकडे मात्र ते वेगळ्या कपाटांत आहेत. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, मुंबई मंडळाकडे. खारफुटी राज्याच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे, जो २०१२ साली झाला. पाणी आणि जहाजं बंदरांकडे, आणि बंदरं दोन : एका अंगाला मुंबईचं, दुसऱ्या अंगाला १९८९ पासून न्हावा-शेव्याचं. रस्ता, दिवाबत्ती आणि कचरा ग्रामपंचायतीकडे. चिखल कुणाकडे?

कागदावर याचं उत्तर आहे, तेही चांगलं. १९८५ साली सरकारने अधिसूचना काढून सगळ्या बेटाभोवती, किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंत, निषिद्ध पट्टा आखला. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आणि तिच्याभोवतीच्या पन्नास मीटरमध्ये बांधकामही थांबवलं. मोराबंदरचा चिखल या दोन्हींच्या आत येतो. कायदा कमी पडलेला नाही. ओहोटीच्या वेळी तो कायदा बरोबर घेऊन चिखलात उतरणारं माणूस नाही.

नियम कुणाला लागतात तेही लिहिते, कारण शहरातल्या वाचकाला हे ठाऊक नसतं. बेटावर बाराशेच्या आसपास माणसं राहतात. वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून, तोवर जनरेटर चालायचा तोही संध्याकाळचे काही तास. माझ्या भावाला घराची मागची भिंत पावसात खचली म्हणून नव्याने उभी करायची होती. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, पण परवानगीसाठी त्याने इतके हेलपाटे मारले की शेवटी त्याने ताडपत्री बांधली आणि दोन पावसाळे तसेच काढले. भिंतीला हरकत नाही, वारसा आहे, नियम हवेतच. पण त्याच घराच्या ओट्यावर बसून समोर बार्ज नांगरलेल्या दिसतात. तळाचा गाळ उपसून जहाजांची वाट खोल केलेली दिसते. मोठं जहाज गेलं की पाच मिनिटांनी लाट येऊन काठाचा चिखल कापते, तीही दिसते. वाट कापली गेली, लाट आली, काठ ढासळला, याची परवानगी कुणाकडे मागितली होती, हे भावाने मला विचारलं. मी शिकलेली म्हणून मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काठ ढासळतो तिथे खारफुटी असेल तर तो कमी ढासळतो. तिवर, कांदळ यांची मुळं लाट मोडतात आणि गाळ धरतात. गाळ धरला की त्यातले विटांचे थर आणि खापऱ्या जागच्या जागी राहतात. जिथे झाडी मेली किंवा विरळ झाली तिथे खापऱ्या सुट्या होऊन वर येतात, लाटेबरोबर इकडून तिकडे होतात. सुटी खापरी बघायला छान, पण कुठल्या थरातून आली हे गेलं की तिचं लेबल गेलं. चिंबोरीसुद्धा बीळ करताना खालचा चिखल वर फेकते आणि त्यात कधी कधी खापरीचा तुकडा निघतो. त्याचं मला काही वाटत नाही. तिचं बीळ वीतभर. लाटेने कापलेला काठ पाहिला की छातीत धस्स होतं.

त्या चिखलावर राहणारी मंडळी आपल्या लेखात अजिबात नाहीत, म्हणून थोडी नावं देते. निवटे आहेत, म्हणजे डोळे वर काढून चिखलावर उड्या मारणारे मासे, त्यांचं कालवण आमच्याकडे पाहुण्याला वाढतात. चिंबोऱ्या आहेत. दगडांना चिकटलेली कालवं आहेत. ओहोटी लागली की बगळे आणि खंड्या येतात, पावसाळा संपला की लहान तुतवारांचे थवे उतरतात आणि पाण्याच्या मागोमाग सरकत राहतात. पाणकावळे जाळ्याच्या खुंट्यांवर पंख पसरून बसतात. वर ब्राह्मणी घार. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य मिळालं आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आनंद आहे. पण पक्ष्याला अभयारण्याची हद्द कळत नाही. शिवडी, न्हावा, उरणची पाणथळ, आमचं बेट, हे सगळं त्याच्या लेखी एकच ताट आहे. उरणकडची पाणथळ भरावाखाली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ताटातला भात एका बाजूने उचलत गेलं की पक्षी उरलेल्या बाजूला दाटी करतात, आणि लोक म्हणतात यंदा पक्षी वाढले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. झाडं आणि जुनी बांधकामं यांचं नेहमी जमतंच असं नाही. पूर्वेच्या टेकडीला आम्ही स्तूप टेकडी म्हणतो. लेणी पाहायला येणाऱ्यांतले फार थोडे तिकडे येतात. वाटेत सीताबाईचं देऊळ म्हणतात ते लेणं लागतं, पुढे कोरडा पडलेला तलाव आणि त्याच्या काठची बौद्ध टाकी, आणि मग विटांच्या स्तूपाचा उंचवटा. शिवाच्या लेण्यांच्या कितीतरी आधी इथे बौद्ध वस्ती होती, त्याची ही खूण. त्या उंचवट्यावर झाडोरा माजतो. करवंद, घाणेरी यांची मुळं विटांच्या सांध्यात शिरतात आणि विटा उकलतात. तिथे झाड काढायलाच हवं. उलट पश्चिमेच्या टेकडीवर, लेण्यांच्या माथ्यावरची झाडी बेफाम तोडली तर पावसाचं पाणी थेट खडकाच्या भेगांत जाईल आणि लेण्यात ठिबकेल. तिथे झाडं राहू द्यायला हवीत, फक्त भेगेत रुजणारा पिंपळ-वड तेवढा वेळच्या वेळी काढायचा. कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे पुरातत्त्ववाल्याने एकट्याने ठरवू नये आणि वनवाल्यानेही. दोघांनी एकदा एकत्र टेकडी चढावी. आजवर दोन्ही खात्यांची माणसं एका वेळी त्या उंचवट्यावर उभी आहेत, असं दृश्य मी पाहिलेलं नाही.

प्लास्टिक आणि माकडांवर आपल्या लेखात पुष्कळ आहे, मी दोनच ओळी लिहिते. माकड बाटली हिसकावतं कारण बाटलीतल्या गोड पाण्याची सवय माणसाने लावली. आणि दुकानदार स्थानिक आहेत म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं असलं, तरी ओहोटीला आमच्या काठाला लागणारा निम्म्याहून जास्त कचरा शहराच्या नाल्यांतून वाहत येतो, हे कुणीही येऊन बघावं.

जे बेटावरून गेलं ते परत आलेलं नाही, हेही लक्षात असू द्यावं. राजबंदरच्या बाजूला दगडी हत्ती होता, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं. १८१४ साली त्याची मान तुटून पडली. पुढे त्याचे तुकडे मुंबईला नेले, राणीच्या बागेत जोडून उभे केले, आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे घेऊन गेले होते. घारापुरीतून आलेली एकही मुलगी त्या सहलीत नसावी याची मला त्या दिवशी चुटपुट लागली होती. हत्ती परत द्या असं मी म्हणत नाही, तेवढी भोळी नाही. पण खापऱ्यांच्या बाबतीत तेच आजही चालू आहे. ट्रेकिंगची मंडळी स्तूप टेकडीवरून उतरून किनाऱ्याने फिरतात, चांगली खापरी दिसली की खिशात टाकतात. समाजमाध्यमावर फोटो येतो, खाली शे-दोनशे लाल बदाम. ती खापरी मग ठाण्यात नाहीतर पुण्यात कुणाच्या तरी शोकेसमध्ये.

आणि गावातली माणसं? ती घाबरतात. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. एखाद्या बाईला कालवं फोडताना नाणं मिळालं तर तिने अलिबागला जायचं, तिथे कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं, मग चौकशी, मग आणखी काही सापडलं का म्हणून घरात कुणी येणार. ती काय करते ते सांगायला नको. एक तर नाणं देव्हाऱ्यात जातं किंवा पाण्यात. चोर सगळे बाहेरचे आणि गाववाले सगळे साधू असंही मला म्हणायचं नाही. बेटावरच्या कुणी कधी काही विकलंच नसेल याची हमी मी देणार नाही. पण कळवणं सोपं केलं तर शंभरातले नव्वद कळवतील, एवढं मी माझ्या माहेरच्या माणसांबद्दल छातीठोकपणे सांगते.

मग काय करायचं? आपल्या लेखाच्या शेवटी तज्ज्ञांनी सुचवलेली यादी मोठी आहे : प्रकाशयोजना, माहिती केंद्र, नवा धक्का. मध्यंतरी शिवडीपासून राजबंदरपर्यंत समुद्रावरून आठ किलोमीटरचा रोपवे करायची योजना मुंबई बंदराने मांडली होती. शिवडीला रोहित पक्ष्यांचा चिखल आणि इकडे आमचा, दोन्ही टोकं नेमकी चिखलातच. आता अटल सेतूही झाला, जानेवारी २०२४ पासून वाहनं धावतात, त्यामुळे उद्या कुणीतरी म्हणेल बेटाला पुलाचा फाटा द्या. माझा सोयींना विरोध नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून बेटाकडे येणारी बोट बुडाली, पंधरा माणसं गेली. सुरक्षित धक्का आणि सुरक्षित बोट ही चैन नाही, आणि बाळंतिणीला रात्री पलीकडे न्यायचं असतं तेव्हा ती काय असते हे आम्हाला माहीत आहे. पण कुठलीही पायाभरणी होण्याआधी ओहोटीच्या रेषेची पाहणी झाली पाहिजे. तिथे काय आहे याचा नकाशाच नसेल तर धक्क्याचा खांब कशावर ठोकला हे कुणालाच कळणार नाही.

ती पाहणी करायला परदेशी सल्लागार लागत नाही. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, जेव्हा चार महिन्यांच्या लाटांनी काठ नव्याने उघडा केलेला असतो, तेव्हा उधाणाच्या सकाळी पुरातत्त्व खात्याचा एक माणूस, कांदळवन कक्षाचा एक आणि गावातल्या चार बाया मोराबंदरपासून निघून पाणी परत चढेपर्यंत किनारा चालून काढतील. काठ कुठे किती कापला गेला, खारफुटी कुठे सुकली, कुठे विटा उघड्या पडल्या, कुठली पाखरं कुठे उतरली, सगळं एकाच वहीत. दोन खात्यांच्या दोन वह्या झाल्या की झालं, त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. बायांना रोजंदारी द्यावी, स्वयंसेवक म्हणून प्रमाणपत्र नको. आणि वस्तू सापडली तर नोंद करण्याची सोय बेटावरच, ग्रामपंचायतीत असावी : कुठे मिळाली, कधी, कुणाला, फोटो, आणि वस्तू ताब्यात घेतल्याची सही-शिक्क्याची पोच. जिल्हाधिकाऱ्याला पुढचा कागद पंचायतीने पाठवावा. त्यातल्या चार खापऱ्या लेण्यांजवळच्या छोट्या संग्रहालयात ज्या बाईला सापडल्या तिच्या नावानिशी मांडल्या तर तिच्या पोरी त्या बघायला जातील.

एक विनंती मात्र आधीच करून ठेवते. राखण करायची म्हणून चिखलात जाणाऱ्या बायांनाच आधी हुसकावू नका. हे इतर ठिकाणी झालेलं आहे. अभयारण्य झालं की पहिली शिट्टी वाजते ती हातात टोपली असलेल्या बाईवर, कारण बार्जवर शिट्टी ऐकू जात नाही. हाताने कालवं काढणाऱ्या बाईमुळे दीड हजार वर्षांचा थर विस्कटत नाही. आणि तेल आलं, काठ पडला, पाखरू मेलं, हे सगळ्यांत आधी तिलाच कळतं. २०१०च्या तेलाची खबर कुठल्याही यंत्राने नव्हे, वासाने लागली होती, पहाटे, घराघरांत.

तेलाची पुढची घटना होणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. बेटाच्या शेजारीच जवाहर द्वीप आहे, तिथे तेलाच्या टाक्या आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून त्यातली एक टाकी पेटली होती, आमच्याकडून धूर दिवसच्या दिवस दिसत होता. तेव्हा बंदरांच्या तेलगळतीच्या आराखड्यात मोराबंदरच्या किनाऱ्याचं नाव घालावं. तरंगते अडसर इथे किती मिनिटांत पोहोचतील ते लिहावं. आणि चिखलात यंत्र उतरवण्याआधी पुरातत्त्वाच्या माणसाला विचारायचं, हे एक वाक्यही त्यात असावं.

आपल्या पुरवणीच्या प्रतिनिधीने पुन्हा यावं, ही खरी विनंती. गेटवेची लाँच उपयोगाची नाही. आदल्या संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला या, मुक्काम आमच्याकडे करा, पहाटे भावाची होडी आहे. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या, आणि निघण्याआधी भरतीच्या कोष्टकात ओहोटीची वेळ बघा. चपला चालणार नाहीत. जुने कॅनव्हासचे बूट आणा.

आपली,
मोराबंदरची एक माहेरवाशीण
मोरा, ता. उरण, जि. रायगड